मागच्या मडगार्डाचं कुंकू

त्या काळी विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी एखाद्या डॉक्टरचीच असायची. आमचीही होती. डॉक्टरसाहेबांनी ती घरापासून दवाखान्यापर्यंत तेवढी वापरली, असं दलालानं शपथेवर सांगितलं. गाडीचा खोकला ऐकून मी म्हटलं, डॉक्टरांचा दवाखाना जबलपूरला असावा. तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय तिथंच सोडला. ह्यांना गाडी हवी होती, अगदी लहानपणापासून हवी होती. माझ्या लग्नातल्या पाटल्या कपाटात नुसत्या पडून होत्या. दुसऱ्यांच्या गाड्यांकडे पाहताना नवऱ्याचं तोंड बारीक होतं ते रोज बघण्यापेक्षा आपली मनगटं मोकळी बरी, असं मला वाटलं. पाटल्या गेल्या आणि गाडी आली, राखी निळ्या रंगाची, पाठीत जराशी वाकलेली.

हे सरकारात वजनमापं तपासायचे. महिन्यातले आठ-दहा दिवस फिरतीवर असत. दुकानदारांची वजनं, तराजू, कापड मोजायचे गज, दुधाची मापं, सगळं तपासून खोटं निघालं की जप्त करत. त्यांच्या नजरेतून गुंजभर फरक सुटत नसे, आणि ही नजर संध्याकाळी कचेरीत ठेवून घरी यावं हे त्यांना कधी जमलं नाही. वरणात मीठ कमी असेल तर ते किती कमी आहे हेही सांगत. अशा माणसाकडून मी गाडी चालवायला शिकले, यातच माझी चिकाटी काय ती समजावी.

शिकवणी पहाटे अंबाझरीच्या रस्त्यावर चाले. मी एका शाळेत मास्तरीण होते. दिवसभर पोरींना शिकवायचं आणि पहाटे स्वतः बोलणी खायची. क्लच सोडताना गाडीनं उडी मारली की हे डोळे मिटून घेत आणि सावकाश म्हणत, "गाडी घेतल्यापासून मी तिला एक ओरखडा येऊ दिला नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. मला परवाना मिळाला त्या दिवशीही त्यांनी पेढ्यांआधी मला हेच वाक्य दिलं.

गाडीच्या बाबतीत ह्यांचा आणखी एक विक्षिप्तपणा होता. एरवी देवाधर्माशी त्यांचा संबंध प्रसादापुरता. पण दसऱ्याला गाडीची पूजा ते स्वतः करत, कुणाला हात लावू देत नसत. सगळं जग बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतं. हे काढायचे डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डावर, आणि चांगलं वीतभर मोठं. कुंकू तेलात कालवलेलं असल्यामुळे ते पुढे कित्येक महिने तिथं लाल राही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, समोरून येणारा दिसतो, त्याचं आपण बघून घेऊ. धोका मागून येणाऱ्याचा असतो, म्हणून देवाला मागं बसवायचं. मला ते पटलंही होतं. नवऱ्यात कुठं तरी भाविकपणा आहे याचं समाधान वाटलं होतं, हे आज सांगायला लाज वाटते.

त्या वर्षी भाऊबीजेला माझा भाऊ काटोलहून आला आणि जाताना दोन्ही मुलांना आजोळी घेऊन गेला. पुढच्या शनिवारी आम्ही दोघांनी गाडीनं जाऊन त्यांना आणायचं ठरलं. आणि मी हट्ट धरला की काटोलपर्यंत गाडी मी चालवीन. हा हट्ट माझा एकटीचा नव्हता. मला शिकायला नागपूरला ठेवलं तेव्हा काटोलच्या आमच्या गल्लीत बरंच बोललं गेलं होतं. पोरीले शिकवून का करतं, हे वाक्य आईनं विहिरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात ऐकून घेतलं होतं आणि एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. आता तिला उत्तर द्यायचं होतं, तेही तोंड न उघडता. मी तसं दिवाळीआधीच चिठ्ठीनं कळवून बसले होते, आणि भाऊबीजेला भावानं सांगितलं की ती चिठ्ठी मिळाल्यापासून आई दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगते, माही पोरगी स्वतः मोटार चालवत येऊन राहिली. तेव्हा त्या शनिवारी मी ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातूनच उतरणं भाग होतं.

ह्यांनी होकार दिला, पण निरीक्षकाचा होकार तो, अटीशिवाय कसा असेल. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत ते चांद्याच्या फिरतीवर जाणार होते. गाडी घरी राहणार होती. परत येईपर्यंत ती जशीच्या तशी राहिली तर शनिवारी चाक माझ्या हातात. काही झालं, तर मात्र किल्ली त्यांच्याकडे, आणि मी डाव्या सीटवर पर्स मांडीत घेऊन बसायचं. मी हसून हो म्हटलं. शाळेला दिवाळीची सुट्टी होती, मुलं घरी नव्हती, गाडीला होणार काय?

सोमवारी सकाळी ह्यांची रिक्षा वळणाआड गेली आणि दहाव्या मिनिटाला मी गाडी बाहेर काढली. कारण अगदी सज्जन होतं. काटोलला आमच्या गल्लीत गाडी सरळ नेली तर परत वळवता येत नाही, ती उलटीच आत घालावी लागते. गल्लीच्या देखत मला ते नीट जमायला हवं होतं. आम्ही गोकुळपेठेत राहायचो. शेजारी एक गवळीण होती. तिच्या गोठ्यापुढे म्हशींना पाणी पाजायची सिमेंटची नांद होती. ती नांद आमच्या आधीपासून तिथं होती, मी रोज ती बघत होते, तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. मी मान मागं वळवून, अगदी शिकवल्याप्रमाणे, गाडी सावकाश मागं घेतली आणि त्या नांदीवर नेऊन आपटली.

आवाज फार मोठा झाला नाही. उतरून पाहिलं तर उजवीकडच्या मागच्या मडगार्डाला वाटीएवढा पोचा पडला होता आणि त्याच्या कडेनं रंग उडाला होता. गवळीण शेणाचे हात घेऊन धावत आली, आधी तिनं नांद तपासली, नंतर गाडी, आणि शेवटी माझं तोंड. "काहून वं बाई, माह्या नांदीनं तुमचं का घोडं मारलं होतं?" तिनं विचारलं. मला रडू आलं. तिनं शेणाचे हात लुगड्याला पुसले आणि मला आत नेऊन चहा पाजला. चहा पिताना मी तिला शनिवारची सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, एवढंच होय, माह्याकडची पितळी घागर तं महिन्यातून दोनदा चेपते, घरीच ठोकून सरळ होते.

दुपारपर्यंत मी एका गॅरेजात जाऊन आले. तिथल्या माणसानं पोच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि अख्खी बाजू रंगवावी लागेल, आठ दिवस लागतील, असं सांगितलं. खर्चाचा आकडा त्यानं जो सांगितला तो ऐकून मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आले. आमच्या घरात दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दिवाळी झाली की मास्तरणीच्या घरात काय उरतं? चिवडा उरतो.

मग मी ठरवलं, पितळेची घागर जर घरच्या घरी सरळ होते तर हे लोखंडच आहे. डिकी उघडून आत शिरले. गवळणीनं बाहेरून पाट्यावरचा वरवंटा मडगार्डाला टेकवून धरला आणि मी आतून खलबत्त्यातल्या बत्त्यानं पोच्याच्या बरोबर मध्यावर घाव घातले. एक, दोन, चार. बाहेरून गवळीण म्हणाली, निंगून राहिलं, निंगून राहिलं. मला चेव आला. मी आणखी सहा घातले. बाहेर येऊन पाहते तो खळगा गेला होता खरा, पण त्याच्या जागी टेंगूळ आलं होतं. आधी गाडीला आपटल्यासारखं वाटत होतं, आता तिला गालगुंड झाल्यासारखं दिसत होतं. गवळणीनं वरवंटा खाली ठेवला आणि म्हशीचं दूध काढायची वेळ झाली असं सांगून ती निघून गेली. त्या वेळी दुपारचा एक वाजला होता.

मंगळवारी सकाळी मी ती गालगुंडवाली गाडी घेऊन अमरावती रस्त्यानं वाडीला गेले. वाडीला मालाची गोदामं, तिथं ट्रकांची रीघ, आणि ट्रक आले की पत्रे ठोकणारे आलेच. ट्रकांच्या मधून, त्यांचे भोंगे ऐकत, घाम पुसत मी कशी गेले ते मलाच माहीत. चालवता येत नाही हे लपवण्यासाठी मी त्या दिवशी जितकी गाडी चालवली तितकी आयुष्यात तोवर चालवली नव्हती, आणि चांगली चालवली, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

रस्त्याच्या कडेला एका छपराखाली एक म्हातारा मिस्त्री ट्रकचं नाक सरळ करत होता. मी माझी अडचण सांगितली. त्यानं टेंगळाकडे बघून विचारलं की हे ट्रकनं केलं की घणानं. मी म्हटलं, बत्त्यानं. तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला की त्याच्याकडे शनिवारपर्यंत तीन ट्रक उभे आहेत, माझं काम घेता येणार नाही, पण मी वाकडं केलेलं तो बसवून देईल, पुढचं माझं मला करावं लागेल. त्यानं आत एक जड लोखंडाचा गोळा टेकवला, बाहेरून छोट्या हातोडीनं टेंगळाच्या कडेकडेनं टुकटुक सुरू केली आणि गोल फिरत मध्यावर आला. मला वाटलं होतं तसा दणका त्यात एकही नव्हता. "खड्डा मधात दिसते म्हणून सारे मधातच मारते," तो म्हणाला. "जिथं लागलं तिथं नाई मारत, बाई. कडंकडंनं या लागते."

मग त्यानं माझा हात धरून, मध्ये एक फडकं घालून, पत्र्यावरून फिरवला आणि डोळे मिटायला सांगितलं. डोळा फसवतो, तळहात फसवत नाही, असं त्याचं म्हणणं. खरंच, डोळ्यांना जे सपाट दिसत होतं ते फडक्याखाली उंचसखल लागलं. ही जागा कागदाइतकी खोल राहील, ती लांबीनं भरायची, त्यानं सांगितलं. लांबी म्हणजे खड्डे बुजवायचं रंगाऱ्याचं ते मऊ लुकण. पातळ भरायची, वाळू द्यायची, पाणी लावून पॉलिश पेपरनं घासायची, पुन्हा भरायची. जाड थापली की उन्हात तडकते. आणि शेवटी एक लोहचुंबक फिरवून पाहायचं. जिथं लांबी जाड झाली असेल तिथं चुंबक धरत नाही, गळून पडतं. जुन्या गाड्या घेताना हुशार माणसं असंच बघतात, असंही तो म्हणाला. त्यानं एका पत्र्याच्या डबीत थोडी लांबी दिली आणि माझा फराळाचा डबा तेवढा ठेवून घेतला.

मंगळवार संध्याकाळ आणि बुधवारचा दिवस मी लांबी भरण्यात आणि घासण्यात घालवला. काम शिवणासारखंच होतं, घाई केली की उसवायचं. गवळीण येता-जाता फडक्याखालून हात फिरवून जाई आणि आपला निकाल देई. चौथ्या वेळी तिनं नुसती मान हलवली, तेव्हा मला काम झालं असं वाटलं.

राहिलं लोहचुंबक. ते आमच्या घरात होतं. ह्यांनी एका किराणा दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं पकडलं होतं. तो खटला निकाली निघाल्यावर ते माझ्या शिवणाच्या डब्यात सुया गोळा करायला आलं होतं. मी ते आणून माझ्या कामावर टेकवलं. ते धरून राहिलं. जरा हळू धरलं, पण पडलं नाही. इतका आनंद मला बी.ए. झाले तेव्हाही झाला नव्हता. मी ते दारावर लावलं, छपरावर लावलं, टपटप चिकटत होतं. लहान मुलासारखी मी गाडीभोवती फिरले आणि डावीकडच्या मागच्या मडगार्डावर, दसऱ्याच्या त्या लालभडक स्वस्तिकावर, ते टेकवलं.

चुंबक खाली पडलं.

मला वाटलं हात निसटला. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं. स्वस्तिकाच्या बाहेर चार बोटं सरकवलं की घट्ट बसे, आत आणलं की गळून पडे. मी फडकं ओलं करून कुंकू पुसलं. खाली रंग होता, पण गाडीच्या रंगाहून जरा पांढुरका, आणि त्यात ब्रशचे फराटे. डोळे मिटून तळहात फिरवला तर तिथं अख्खी टेकडी होती. कुणी तरी लांबी चमच्यानं नव्हे, उलथन्यानं भरली होती.

मी मोरीच्या कट्ट्यावर बसले आणि आधी मला राग आला, नंतर हसू आलं, आणि ते थांबेना. एक ओरखडा येऊ दिला नाही म्हणे! जगातली खोटी मापं पकडणारा हा माणूस दर दसऱ्याला आपल्या लांबीवर देव बसवत होता. मी मनातल्या मनात शनिवारचं भाषण तयार केलं. त्यात चुंबकाला फार मानाची जागा होती. भाषण छान जमलं होतं, आणि त्याच्या तिसऱ्या वाक्याला मला आठवलं की पहिला दसरा गाडी आल्यावर पंधरा दिवसांनीच आला होता.

म्हणजे पोचा त्याच्याही आधीचा. माझी मनगटं तेव्हा नुकतीच मोकळी झाली होती, पाटल्यांचे पांढरे वळसेही अजून गेले नव्हते. माझ्या पाटल्यांची गाडी त्यांनी पहिल्या पंधरवड्यात कुठं तरी घासली होती, आणि घरी येऊन मला सांगायचं धाडस त्यांना झालं नव्हतं. कुठं तरी उन्हात एकटे बसून, आयुष्यात कधी हातात ब्रश न धरलेल्या माणसानं हे थापलं असेल. मला एकदम त्यांची फार दया आली. दया म्हणजे मायाच ती. भाषण मी रद्द केलं. शिवाय ते केलं असतं तर माझी नांदही बाहेर आली असती, हाही विचार होताच, खोटं कशाला बोलू. मी कुंकू तेलात कालवलं आणि त्यांचं स्वस्तिक होतं तसं परत काढून ठेवलं.

गुरुवारी रंग. पेट्रोलच्या तोंडावरचं छोटं झाकण काढून, रुमालात गुंडाळून, मी सीताबर्डीला रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं त्याच्याशी मिळता रंग घोटून औषधाच्या बाटलीत दिला आणि सल्ला दिला की सकाळी मारू नका, हवेत दव असतं, रंग पांढरा पडतो. भर दुपारी मारा. तो मारायला माझ्याकडे यंत्र असेल, हे त्यानं गृहीत धरलं होतं. माझ्याकडे डासांच्या औषधाचा हातपंप होता. तो साबणानं धुतला, रॉकेलनं धुतला, रंग पातळ करून भरला. बाजूला मैद्याच्या खळीनं वर्तमानपत्रं चिकटवली. गवळीण हातात काठी घेऊन म्हशींची शेपटं आणि धूळ यांच्यावर पहारा करायला उभी राहिली. मी तोंडाला पदर बांधला आणि फुस फुस करत पाच पातळ हात दिले.

रंग जमला. वर्तमानपत्रं मात्र निघेनात. खळ दिवसभराच्या उन्हानं वाळून त्यांचा पापुद्रा झाला होता, आणि ओल्या फडक्यानं सोडवली तेव्हा गाडीच्या पाठीवर कसल्या तरी भाषणाची उलटी अक्षरं उमटलेली दिसली. शुक्रवारचा दिवस दंतमंजन लावून ती अक्षरं पुसण्यात गेला. त्या निमित्तानं नवा रंगही घोटला गेला आणि जुन्यात मिसळला. संध्याकाळी गवळीण लांब जाऊन, जवळ येऊन, मान तिरपी करून पाहून गेली आणि म्हणाली, "माणसानं विचारलं तं म्हणा, मले का मालूम. त्याच्या पुढं एक शब्द नाई बोलायचा."

हे शुक्रवारी दिवेलागणीला आले. हातपाय धुण्याआधी गाडीभोवती एक फेरी घातली. मी खिडकीतून बघत होते. मी दुरुस्त केलेल्या बाजूला ते थांबले की नाही ते अंधारामुळे नीट दिसलं नाही. घरात येऊन म्हणाले, छान ठेवलीस. रंग पातळ करायला घेतलेल्या थिनरचा वास नेमका घरात रेंगाळत होता, म्हणून मी धूप घातला होता. धूप कशाचा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, डास फार झालेत. तेव्हा त्यांनी मदत म्हणून कोनाड्यातला पंप उचलला, औषध भरलं आणि खोलीभर मारलं. सकाळी उठून पाहते तो पलंगामागच्या भिंतीवर राखी निळे बारीक ठिपके. मी ते पुसायला ओलं फडकं घेऊन आले तेव्हा हे आरशासमोर दाढी करत होते, आणि भिंत त्यांना आरशात स्पष्ट दिसत होती. त्यांनी मला विचारलं की पेट्रोल किती आहे. मग माझ्यासमोर किल्ली धरली.

काटोलच्या रस्त्यानं मी गाडी चालवली. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा फळांनी पिवळ्या झाल्या होत्या, पेट्यांनी भरलेले ट्रक समोरून येत होते, आणि वाडीनंतर मला ट्रकांचं काही वाटत नव्हतं. हे शेजारी बसून माझ्या ब्रेकबरोबर आपलाही पाय दाबत होते. ओरखड्याचं वाक्य मात्र आलं नाही. मी त्याची वाट पाहत होते.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी वळवली आणि उलटी आत घातली. ओट्यांवर माणसं उभी होती. धान्य निवडायचं टाकून आलेल्या बायका होत्या, माझी दोन्ही मुलं होती. गल्लीत एक नांदही होती. तिच्यापासून हातभर अंतरावरून मी गाडी आत नेली आणि आईच्या दारासमोर थांबवली. उजवीकडचं दार उघडून उतरले. आई ताट घेऊन पायरीवर उभी होती. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, कुणाला काही म्हटलं नाही, फक्त पदर डोक्यावर जरा जास्त नीट घेतला. तिनं मला ओवाळलं आणि मग गाडीला कुंकू लावायला बॉनेटकडे निघाली.

हे तेवढ्यात पुढे झाले. "आई, तिथं नका लावू," म्हणाले, आणि तिला कोपराला धरून गाडीच्या मागे उजव्या अंगाला घेऊन गेले. वाकले. आपलं बोट त्यांनी मडगार्डावर टेकवलं, इंचाचाही फरक न करता बरोबर माझ्या लांबीच्या मध्यावर. "इथं लावा."

आईला ते विचित्र वाटलं. "गाडीचं कपाय तं पुढं असते ना, जवाईबापू," ती म्हणाली. आमच्या गाडीचं मागं आहे, ह्यांनी सांगितलं, चेहरा अगदी तपासणीच्या वेळचा ठेवून. आईनं कुंकवाचं बोट टेकवलं.

तेव्हा मी आईचा दुसरा कोपर धरला आणि तिला वळसा घालून डावीकडे आणलं. तिथलं स्वस्तिक दसऱ्याचं असायला हवं होतं, पण ते तीन दिवसांचं ताजं होतं, आणि ह्यांना ते तेव्हाच, त्या क्षणाला दिसलं. "आई, इथंही लाव," मी म्हटलं. "इथलं जुनं आहे."

 त्यांनी खिशातून रुमाल काढून, काही गरज नसताना, चष्मा पुसला. आईनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, तिला काही कळलं नाही, आणि ती मुलांना हाक मारत आत गेली.

दुसऱ्या दिवशी परत निघताना ह्यांनी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. मग तोच हात फिरवून त्यांनी डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. मुलं मागे संत्री सोलत होती. गाव सुटलं, बागा सुटल्या. तेव्हा ते समोर रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "रंग दुपारी मारला का?"

"दुपारी. पंपानं."

"मी सकाळी मारला होता. ब्रशनं." आणि थोडं थांबून, "म्हणून तुझा चांगला झाला."

अकरा वर्षांच्या संसारात माझं काही त्यांच्यापेक्षा चांगलं झालं असं ते पहिल्यांदाच म्हणाले होते. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि गाडी नागपूरकडे नेत राहिले.